आठवड्यातून तीनदा उसळ: भिजवण्यापासून ताटापर्यंत

घराघरांत उसळ मागे पडली ती चवीमुळे नाही. संध्याकाळी सात वाजता ‘आज काय करायचं?’ असा प्रश्न पडतो आणि मटकीला त्याच्या दीड दिवस आधी पाण्यात जायला हवं होतं, एवढंच कारण असतं. खरं तर भिजत घालायला दोन मिनिटं आणि उपसून बांधायला तीन मिनिटं लागतात. बाकीचं काम कडधान्य आपलं आपण करतं. म्हणून उसळ नेहमीच्या जेवणात परत आणायची असेल तर पाककृतीच्या आधी वेळापत्रक बसवावं लागतं. ते बसलं की आठवड्यातून तीन वेळा उसळ करणं रोजचं वरण लावण्याइतकं सहज होतं.

उसळच का, याचं साधं गणित आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये काढलेल्या आहार-मार्गदर्शिकेत दिवसाला 2000 कॅलरींच्या जेवणासाठी धान्य 250 ग्रॅम, तर डाळी-कडधान्यं (किंवा त्यांच्या जागी अंडी, मासे, मांस) 85 ग्रॅम धरलेली आहेत. हे वजन कोरडं, कच्चं. आता चौघांच्या घरात अर्धी वाटी तूरडाळीचं वरण लावलं तर माणशी डाळ येते 15 ते 20 ग्रॅम. पोळी-भात मात्र पोटभर. ही तूट पातळ वरणाने भरत नाही, उसळीने बरीचशी भरते. चौघांना 200 ग्रॅम मटकी घेतली की माणशी 50 ग्रॅम कडधान्य आणि त्यातून 10 ते 12 ग्रॅम प्रथिनं मिळतात. शिवाय कडधान्यातल्या प्रथिनांत जे घटक कमी असतात ते ज्वारी-बाजरी-तांदळात मिळतात आणि धान्यात जे कमी ते कडधान्यात मिळतं. उसळ-भाकरी ही जोडी म्हणूनच पक्की आहे.

पुढच्या मापांत वाटी म्हणजे 150 मिलीची आमटीची वाटी. तिच्यात कोरडे मूग-मटकी 120 ते 130 ग्रॅम मावतात. चमचा म्हणजे चहाचा, 5 मिलीचा.

कडधान्य घेताना

मोड येण्यासाठी दाणा जिवंत असावा लागतो. दुकानात वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेली मटकी मळकट, सुरकुतलेली दिसते. तिला मोड अर्धेमुर्धे येतात आणि ती शिजतही नाही. एका वेळी दोन महिन्यांपुरतंच आणा. नवीन दुकानातून आणलेलं असेल तर आधी वीस दाणे भिजवून मोड आणून पाहा. अठरा-एकोणीस दाण्यांना मोड आले तर माल चांगला. बारा-तेरालाच आले तर तो माल कुकरमध्ये शिजवून आमटीला वापरा, मोड आणण्याच्या फंदात पडू नका.

एक गोष्ट अगदी ठाम सांगायला हवी: पेरणीसाठी म्हणून विकलं जाणारं बियाणं कधीही खायला घेऊ नका. त्याला औषध चोळलेलं असतं आणि ते धुऊन पूर्ण जात नाही.

भिजवणं

200 ग्रॅम, म्हणजे दीड वाटीहून किंचित जास्त मटकी घ्या. दोन्ही तळव्यांत चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा. वर तरंगणारे दाणे भुंग्यांनी पोखरलेले असतात, ते काढून टाका. मग कडधान्याच्या तिप्पट पाणी घाला. भांडं मोठं घ्या. दाणा फुगून दुपटीच्या वर जातो आणि पाणी कमी पडलं तर वरचा थर कोरडाच राहतो.

मुगाला 6 ते 8 तास पुरतात, मटकीला आणि चवळीला 8, वालाला आणि काबुली चण्याला 10 ते 12, कुळथाला पूर्ण 12. हे हिवाळ्याच्या सुरुवातीचे, बेताच्या हवेतले आकडे आहेत. मे महिन्यात दोन तास कमी करा. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः नाशिक, नगरच्या थंडीत, बोटाला सोसेल इतक्या कोमट पाण्यात भिजत घाला.

जास्त भिजलं तर काय बिघडतं? भिजलेला दाणा श्वास घेत असतो. पाण्याखाली तासन्‌तास राहिला की तो गुदमरतो. पाण्यावर फेस आला आणि आंबूस वास सुटला की समजावं, निम्मे दाणे मेले. अशा कडधान्याला मोड येत नाहीत, ते नुसतं चिकट होत जातं. रात्री नऊला भिजत घातलेली मटकी सकाळी सहाला उपसली गेलीच पाहिजे. ‘ऑफिसातून आल्यावर बघू’ म्हटलं की संपलं.

भिजवलेलं पाणी फेकून द्या. पोटात वात धरणाऱ्या ज्या विशिष्ट साखरा कडधान्यात असतात त्यांचा काही भाग याच पाण्यात उतरतो. उरलेल्यांतल्या बऱ्याचशा मोड येताना दाणा स्वतःच वापरून टाकतो. भिजवलेल्या कडधान्यापेक्षा मोडाचं पोटाला हलकं लागतं ते याचमुळे.

आता गणंग. मटकी आणि कुळथात काही दाणे असे असतात की ते रात्रभर पाण्यात राहूनही जसेच्या तसे, बारीक, चकचकीत आणि टणक राहतात. कुणी त्यांना कुचर म्हणतं. उसळीत एखादा जरी राहिला तरी दाताखाली खड्यासारखा येतो, आणि घरातल्या वयस्कर माणसाचा दात दुखावतो. ते काढायची सोपी रीत म्हणजे रोळणं. भिजलेली मटकी परातीत भरपूर पाण्यात घ्या, परात किंचित तिरकी धरून हलवत राहा आणि वरची मटकी हाताने थोडी थोडी पाण्यासकट चाळणीत ढकला. फुगलेला दाणा पाण्याबरोबर सहज वाहतो, गणंग जड असल्याने तळाशी राहतात. शेवटी परातीत चमचाभर दाणे उरतात. त्यांना बोटाने चाळवलं तर परातीवर टणटण वाजतात. तेच फेकायचे.

मोड आणणं

चाळणीत दहा-पंधरा मिनिटं पाणी पूर्ण निथळू द्या. हा वेळ वाचवू नका, कारण मोड बिघडण्याच्या दहा तक्रारींतल्या आठ इथूनच सुरू होतात. जुना, मऊ, सुती पंचा किंवा धोतराचा तुकडा ओला करून घट्ट पिळा. त्यात मटकी घालून पुरचुंडी बांधा. गाठ घट्ट, पण आत दोन बोटं जागा मोकळी, कारण दाणे अजून वाढणार आहेत. पुरचुंडी चाळणीत, चाळणी पातेल्यावर आणि वर झाकण अर्धवट ठेवा. पुरचुंडी पातेल्याच्या बुडाला टेकता कामा नये. निथळलेलं दोन चमचे पाणी खाली साचतं आणि त्यात बसलेला थर कुजतो.

मुगाला 10 ते 12 तासांत मोड दिसतात. मटकीला उन्हाळ्यात 12, हिवाळ्यात 18 ते 24 तास लागतात. चवळीला 18 ते 24, वालाला 24, कुळथाला 24 ते 36. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात दर आठ तासांनी पुरचुंडीवर पाण्याचा हबका मारा. पावसाळ्यात मात्र पाणी अजिबात मारू नका.

मे महिन्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. मोड येताना कडधान्य आतून तापतं. पाहुणे येणार म्हणून किलोभर मटकी एकाच पुरचुंडीत बांधली की मधला भाग हाताला गरम लागतो आणि तिथूनच वास सुटतो. पाव-पाव किलोच्या वेगळ्या पुरचुंड्या करा.

परदेशात थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्यांची अडचण याच्या उलट. स्वयंपाकघरात 16-17 अंश तापमान असेल तर मटकी दोन दिवस ढिम्म हलत नाही. पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये ठेवून आतला फक्त दिवा चालू ठेवा. ओव्हन तापवू नका. तेवढी ऊब पुरते. तिथल्या भारतीय दुकानांत मटकी ‘मॉथ बीन्स’ या नावाने मिळते.

मोड किती लांब हवेत? उसळीसाठी अर्धा ते एक सेंटिमीटर. लांबसडक मोड दिसायला छान, पण तो दाण्यात साठलेल्यावरच वाढतो. दीड-दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला की चव गवतासारखी उग्र होते आणि परतताना मोड तुटून उसळीत दोरे दोरे दिसतात. हवे तेवढे आले की पुरचुंडी सोडा आणि मटकी लगेच फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत वाढ जवळजवळ थांबते.

कधी कधी मोडांच्या टोकाला बारीक पांढरी लव दिसते आणि बुरशी समजून चांगली मटकी फेकली जाते. नीट पाहा. लव फक्त मोडावर, सगळीकडे सारखी असेल आणि पाण्यात बुडवताच चपटी होऊन दिसेनाशी झाली, तर ते मुळांचे बारीक केस आहेत, बिनधास्त खा. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरते आणि तिला कुबट वास येतो. बुरशी धरलेलं, बुळबुळीत झालेलं किंवा आंबूस वासाचं कडधान्य धुऊन वापरायचा मोह टाळा. सगळंच टाका.

कच्चे मोड वाटीभर खाण्याची सवय अनेक घरांत ‘आरोग्यासाठी’ म्हणून लावली जाते. ती लहान मुलं, गर्भवती आणि वृद्ध यांना लावू नये. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही मानवते, आणि जंतू दाण्यावर आधीपासूनच असतील तर वरवर धुऊन निघत नाहीत. 2011 मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई-कोलाय या जंतूची मोठी साथ पसरली होती आणि पन्नासच्या वर माणसं दगावली. कोशिंबिरीत घालायचे मूग पाच मिनिटं नीट वाफवले तर कुरकुरीतपणा थोडा राहतो आणि धोका खूपच कमी होतो. राजमा तर मोड आणूनही कच्चा किंवा अर्धकच्चा कधीच खाऊ नये. त्यातल्या लेक्टिन नावाच्या घटकाने उलट्या-जुलाब होतात. तो कमीत कमी दहा मिनिटं खळाखळा उकळलेला किंवा कुकरमध्ये शिजलेला हवा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात (स्लो कुकरमध्ये) थेट लावणं धोक्याचं.

मटकीची उसळ, दोन टप्प्यांत

घरात वर्षाचं बाळ, तिखट खाणारे मोठे आणि मीठ कमी करायला सांगितलेले आजोबा असं सगळं असेल, तर तीन वेगळ्या भाज्या करण्यात जीव घालवू नका. तिखट, मीठ, मसाला आधी न घालता मध्यावर घाला. एकाच कढईतून तिघांचं होतं. गोड्या मसाल्याचा वासही यामुळे जास्त टिकतो, तो पंधरा मिनिटांच्या वाफेत उडून जात नाही.

चौघांसाठी:

200 ग्रॅम मटकीला आलेले मोड (साधारण 450 ग्रॅम)
तेल 4 चमचे
मोहरी अर्धा चमचा, हिंग पाव चमचा, हळद अर्धा चमचा
कढीपत्त्याची 8-10 पानं
मध्यम कांदा 1, बारीक चिरून
लाल तिखट 1 चमचा
गोडा मसाला दीड चमचा
मीठ 1 सपाट चमचा
आमसुलं 3
गूळ 1 चमचा
ओलं खोबरं 2 मोठे चमचे, कोथिंबीर
लिंबू

जाड बुडाच्या कढईत 3 चमचे तेल तापवा. मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग हिंग, कढीपत्ता, हळद. कांदा गुलाबी होईपर्यंत परता, लाल करू नका. मोड आलेली मटकी घालून मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं हलक्या हाताने परता. तेलात परतलेला दाणा शिजताना आपला आकार धरून राहतो.

आता झाकण म्हणून खोलगट ताट ठेवा आणि त्या ताटात पेलाभर पाणी ओता. आतली वाफ ताटाच्या थंड बुडाला लागून थेंबाथेंबाने परत मटकीवर पडते, त्यामुळे पाणी न घालताही मटकी करपत नाही. आणि पाच-सात मिनिटांनी पाणी घालायची वेळ येते तेव्हा ताटातलं पाणी गरम होऊन तयारच असतं. तेच अर्धी वाटी कढईत ओता. गार पाणी ओतलं की शिजणं मध्येच थांबतं आणि मटकी काही मऊ, काही कच्ची अशी होते. ताटात पुन्हा पाणी भरून मंद आचेवर ठेवा.

बारा मिनिटांनी एक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. सहज चेपला पण साल फाटून पीठ झालं नाही, म्हणजे शिजला. या क्षणी बाळाची वाटी बाजूला काढा. आजोबांसाठी कमी मिठाची काढायची तर तीही आत्ताच.

उरलेल्या उसळीत मीठ, आमसुलं, गूळ आणि गोडा मसाला घाला. छोट्या कढल्यात उरलेला चमचाभर तेल तापवून गॅस बंद करा, त्यात लाल तिखट टाका आणि लगेच उसळीवर ओता. गॅस चालू असताना टाकलं तर तिखट करपून कडू होतं. झाकण ठेवून आणखी चार मिनिटं वाफ द्या. वरून खोबरं-कोथिंबीर.

आमसूल, चिंच, टोमॅटो हे आंबट पदार्थ दाणा शिजल्यावरच घाला, यामागे कारण आहे. दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं जे पेक्टिन असतं ते आंबटात सुटत नाही. आंबट आधी पडलं तर अर्धा तास ज्यादा शिजवूनही मटकी दाताला लागतेच. याचा ठपका बहुतेक वेळा मिठावर येतो, पण मिठाचा अडसर फारसा नसतो. मीठ मागाहून घालायचं ते वेगवेगळ्या वाट्या काढता याव्यात म्हणून.

बोअरवेलच्या जड पाण्याचंही असंच आहे. त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करतं. अशा गावात भिजवायला आणि शिजवायला क्षार काढणाऱ्या (आरओ) गाळणीयंत्राचं पाणी, किंवा पावसाळ्यात साठवलेलं स्वच्छ पाणी उकळून वापरा. सोडा टाकून कडधान्य पटकन मऊ होतं हे खरं, पण त्यात ब-1 जीवनसत्त्वाचा नाश होतो, सोडियम वाढतं आणि चवही साबणासारखी लागते. आठ तास नीट भिजवलेल्या मटकीला सोड्याची गरज नसते.

कुकरात मोडाची मटकी लावू नका. एका शिट्टीतही तिचा लगदा होतो.

लोखंडी कढईत उसळ केली तर थोडं लोह जेवणात उतरतं, विशेषतः आमसूल घातल्यावर. पण शिजताच ती दुसऱ्या भांड्यात काढा. कढईत राहिली तर काळी पडते आणि धातूची चव येते. कडधान्यातलं लोह शरीरात लागायला क जीवनसत्त्व मदत करतं, म्हणून लिंबू ताटात वाढल्यावरच पिळा, उकळत्या उसळीत नाही. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर हेच लोह अडतं. तासभर थांबा.

वालाचं बिरडं

कडव्या वालाला वेळ द्यावा लागतो, आणि तो दिलेला वेळ पुरेपूर परत मिळतो. रायगडकडचे वाल यासाठी उत्तम. बिरडं म्हणा, डाळिंब्यांची उसळ म्हणा, सोलण्याचं काम दोन्हींत सारखंच.

मोड आलेले 200 ग्रॅम वाल कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. साल सैल होतं. एक वाल अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून मोडाच्या विरुद्ध टोकाकडून दाबला की आतली पिवळसर-पांढरी डाळिंबी अलगद बाहेर येते. उकळतं पाणी घेतलं तर डाळिंबी अर्धवट शिजते आणि दाबताना फुटते. दोघांनी बसून अर्धा-पाऊण तास लागतो. घरातलं सहा-सात वर्षांचं मूल या कामाला हौसेने बसतं आणि स्वतः सोललेलं बिरडं ते खातंही. सोललेल्या डाळिंब्या पाण्यातच ठेवा, उघड्यावर त्या सुकतात आणि काळवंडतात.

फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, हळद. डाळिंब्या घालून दोनच मिनिटं परता, बुडतील इतकं गरम पाणी घाला आणि ताटावर पाणी ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवा. पळी फिरवू नका, कढई दोन्ही हातांनी धरून हलवा. पळीने डाळिंबीच्या दोन फाकी होतात. शिजल्यावर पाव वाटी ओलं खोबरं आणि अर्धा चमचा जिरं एकत्र वाटून लावा, मग आमसूल, गूळ, मीठ. वालाला अंगचा कडसरपणा असतो, म्हणून गूळ मटकीपेक्षा दुप्पट, दोन चमचे. भातात घालायच्या असतील तर एक वाटी तांदळाला दीड वाटी डाळिंब्या आणि अडीच वाट्या गरम पाणी.

गोव्यात मुगालाही असाच मोड आणून, सोलून खोबऱ्याच्या वाटणात मुगागाठी करतात. चव नाजूक, सोलायला मात्र वालापेक्षा चिकाटी जास्त लागते.

बाकीची थोडक्यात

चवळी कुकरला मंद आचेवर दोन शिट्ट्यांत होते. काबुली चण्यांना पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं द्या. पांढऱ्या वाटाण्याला तीन शिट्ट्या पुरतात, त्याला मोड नाही आणले तरी चालतं. कोकणातला कुळीथ म्हणजे देशावरचा हुलगा. त्याला मोड आणूनही पाच-सहा शिट्ट्या लागतात आणि त्याचं शिजवलेलं पाणी ओतून देणं म्हणजे निम्मी चव ओतून देणं. त्या पाण्याला लसणाची फोडणी देऊन, आमसूल घालून कळण करा. आयत्या वेळी काहीच भिजवलेलं नसेल तर अख्खा मसूर. धुऊन थेट कुकरला लावला तरी चार शिट्ट्यांत शिजतो.

ताटात वाढताना

आठ-दहा महिन्यांच्या बाळाला मुगाचे मोड पूर्ण मऊ शिजवून, घोटून आणि गाळणीतून काढून द्या. मीठ-गूळ काही नको. पहिल्या वेळी दोन चमचेच द्या आणि दोन दिवस पोट पाहा. चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा चणा किंवा वाटाणा तसाच देऊ नका, घशात अडकतो. बोटाने चेपून द्या.

उसळ चिवडत बसणाऱ्या मुलाला तीच गोष्ट धिरड्यात चालते. मोडाचे मूग दोन वाट्या, आल्याचा तुकडा, अर्धा चमचा जिरं आणि अर्धी वाटी पाणी वाटा, त्यात दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ आणि मीठ. सात-आठ धिरडी होतात. पीठ न आंबवता लगेच घाला. तव्याला चिकटत असेल तर तवा कमी तापलाय, पीठ पातळ करत बसू नका.

दात नसलेल्यांना मुगाचं कढण उत्तम: एक वाटी मोडाचे मूग चार वाट्या पाण्यात मऊ शिजवून घोटायचे, तूप-जिऱ्याची फोडणी, आलं, मीठ बेताचं.

मधुमेह असणाऱ्यांनी उसळीची वाटी भाकरीवर भर म्हणून न घेता एका भाकरीच्या जागी घ्यावी. दोन भाकऱ्या, भात आणि वर उसळ असं झालं तर फायदा उरत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं आणि पोटॅशियम दोन्ही मोजून घ्यावी लागतात. त्यांनी कडधान्याचं माप आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

डब्यात उसळ द्यायची तर ओलं खोबरं घालू नका, उन्हाळ्यात चार तासांत आंबते. त्याऐवजी दोन चमचे दाण्याचं किंवा तिळाचं कूट घाला, ते रस्साही शोषून घेतं आणि पोळीच्या गुंडाळीतून काही गळत नाही. उसळ ताटात पसरून गार करा, मगच डब्याचं झाकण लावा. गरम भरली तर झाकणाला पाणी सुटतं आणि दुपारी डबा उघडताच वास येतो.

आठवड्याचा क्रम

रविवारी रात्री नऊला मटकी भिजत. सोमवारी सकाळी उपसून बांधायची. उन्हाळ्यात सोमवारी रात्री मोड तयार होतात, ते फ्रिजमध्ये टाका. थंडीत मंगळवारी सकाळपर्यंत थांबा आणि उसळ मंगळवारी रात्रीच्या जेवणाला करा. मंगळवारी रात्री झोपताना मूग भिजत, बुधवारी सकाळी बांधले की गुरुवारच्या सकाळी धिरड्यांना तयार. वाल नेहमी गुरुवारी रात्री भिजत घाला: शुक्रवारी सकाळी बांधले, शनिवारी मोड आले, सोलायला शनिवारची दुपार मिळाली आणि रविवारी बिरडं. वाल नको असतील त्या आठवड्यात त्याच दिवशी चवळी किंवा कुळीथ.

मोडाचं कडधान्य कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात, फ्रिजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं. ओलं ठेवलं तर दुसऱ्याच दिवशी बुळबुळतं. जास्तीचं झालं तर दोन मिनिटं वाफवा, पसरून पूर्ण गार आणि कोरडं करा आणि पिशवीत चपटं पसरून फ्रीझरला टाका. महिनाभर टिकतं. न वाफवता टाकलं तर बाहेर काढल्यावर मऊ पडतं आणि रंग जातो. वापरताना वितळवत बसायचं नाही, बर्फासकट थेट फोडणीत घालायचं, फक्त ताटाखालची वाफ तीन-चार मिनिटं जास्त द्यायची. एका पिशवीत एका वेळचंच भरा आणि वर तारीख लिहा. एकदा वितळलेलं परत फ्रीझरला जात नाही.